क्लिनिकल सायकॉलॉजीच्या मुलाखती आणि नोकरीचे अर्ज: सोलापुरात राहून तयारी कशी करावी?

मेघा_माढा

नमस्कार. एम.ए. मानसशास्त्राचं शेवटचं सत्र चालू आहे, आतापर्यंतची सरासरी ५८ टक्के. यंदा क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रवेशपरीक्षा द्यायच्या आहेत. लेखी परीक्षेचा अभ्यास पुस्तकांवरून होतोय. मुलाखतीत नेमकं काय बघतात, हे मात्र इथे सांगणारं कुणी भेटत नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजीतलं एम.फिल. बंद झालं असं काही जण म्हणतात, काही म्हणतात चालू आहे. मग अर्ज कशाला करायचा? केस वाचून दाखवतात आणि "बोला" म्हणतात, तेव्हा सुरुवात कुठून करायची? आणि यंदा नंबर लागला नाही तर वर्षभर सोलापुरातच कोणत्या जागांसाठी अर्ज करावा? घरचे म्हणतात, एम.ए. झालीस की बोर्ड लाव आणि काउन्सेलिंग सुरू कर. प्रत्यक्ष अनुभव म्हणाल तर मानसोपचार ओपीडीत पंधरा दिवस बसून निरीक्षण केलंय, तेवढाच. प्रबंध विडी कामगार स्त्रियांमधल्या नैराश्यावर आहे.

नोंदवही

मेघाताई, आधी पहिल्या प्रश्नाचं बघू. तिथे चूक झाली तर दोन वर्षं आणि पैसे दोन्ही जातात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. त्याचा आधार १९९२ चा आरसीआय कायदा. नोंदणीशिवाय असं काम केलं तर त्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या दिलेली आहे. साध्या एम.ए.वर त्या व्याख्येत बसता येत नाही. गुणपत्रिकेवर "क्लिनिकल स्पेशलायझेशन" छापलेलं असलं, तरी अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता नसेल तर नोंदणी मिळत नाही.

एम.फिल.चा गोंधळ असा झाला: यूजीसीने २०२२ च्या नियमावलीत एम.फिल. पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना मात्र जानेवारी २०२४ मध्ये मुदतवाढ दिली, ती २०२५-२६ या शैक्षणिक सत्रापर्यंत. त्या जागी आरसीआयने क्लिनिकल सायकॉलॉजीतलं एम.ए. आणि साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) असे नवे अभ्यासक्रम आणले. त्यामुळे "एम.फिल. मिळेल का" असा प्रश्न धरून बसू नका. ज्या सत्रात प्रवेश घेणार आहात, त्या सत्रासाठी त्या संस्थेतल्या त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, ते आरसीआयच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघा. यादीत तीन गोष्टी तपासायच्या: अभ्यासक्रमाचं अचूक नाव, मान्यता कोणत्या सत्रापर्यंत आहे आणि जागा किती. मान्यता अभ्यासक्रमाला आणि ठरावीक काळापुरती असते. "आमच्या संस्थेला आरसीआयची मान्यता आहे" एवढं वाक्य माहितीपत्रकात दिसलं म्हणून फी भरू नका. यादीतल्या नोंदीची प्रत काढून तारखेसह जवळ ठेवा.

५८ टक्के पुरतात, किमान अट साधारण ५५ ची असते. अडचण येते ती सीजीपीएची. गुणपत्रिकेवर श्रेणी असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं विद्यापीठाचं पत्र लागतं, आणि ते ऐनवेळी मिळत नाही. निकालाआधी अर्ज करणार असाल तर "अपिअरिंग" उमेदवारांना परवानगी आहे का, आणि अंतिम गुणपत्रिका कोणत्या तारखेपर्यंत हवी, या दोन ओळी माहितीपत्रकात शोधा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातली कामं केगावला जाऊनच होतात, त्यासाठी आठवडाभर हाताशी ठेवा.

बोर्डाबद्दल. "समुपदेशक" म्हणून, आपली पदवी जशीच्या तशी लिहून, शाळेत किंवा संस्थेत काम करता येतं. "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" लिहायचं नाही, निदान द्यायचं नाही, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यांकाचा अहवाल सही करून द्यायचा नाही. घरच्यांना हे तीन मुद्दे सांगितलेत तर त्यांचाही आग्रह थांबेल.

पूर्वभाग

मुलाखतीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथेच घसरतात.

केस ऐकली की निदानाचं नाव तोंडात येतं. ते तिथेच थांबवा. समजा केस अशी: ३२ वर्षांची विवाहित स्त्री, विडी कामगार, मातृभाषा तेलुगू, शिक्षण चौथी. दोन महिन्यांपासून झोप नाही, छातीत धडधड, हातपाय गळून जातात, विड्या वळायला बसवत नाही. सासू सांगते की मंगळवारी अंगात येतं. नव्वद टक्के उमेदवार इथे लगेच "डिप्रेशन" म्हणतात किंवा "डिसोसिएटिव्ह" म्हणतात. समोरचे पुढचाच प्रश्न टाकतात, "कशावरून?", आणि गाडी अडते.

उत्तर माहितीपासून सुरू करा. माहिती कोण देतंय, ती किती विश्वसनीय, कोणत्या भाषेत घेतली, मध्ये दुभाषा होता का. घरातलाच माणूस दुभाषा असेल तर तिने सांगितलेलं आणि त्याने गाळलेलं यातला फरक कळत नाही. हे बोलून दाखवा. मग लक्षणं केव्हा आणि कशी सुरू झाली, वाढत गेली की येऊन-जाऊन आहेत. झोप, भूक, वजन, पाळी. लगेच पाठोपाठ शारीरिक कारणं: थायरॉइड, रक्तक्षय, नुकतंच बाळंतपण. मिसरी, तंबाखू, दुसरी कसली गोळी चालू आहे का. आधी असं कधी झालं होतं का, आणि त्यात विशेष करून उत्साहाचा, कमी झोपेतही न थकण्याचा काळ होता का. हा एक प्रश्न विसरलात तर द्विध्रुवी विकार तुमच्या हातून निसटला, असं पॅनेल धरतं. घरातल्यांचा इतिहास, नवऱ्याचं दारू पिणं, मारहाण. आणि आत्महत्येचा धोका, त्यावर खाली वेगळं लिहितो.

निदान सांगताना "तात्पुरतं" हा शब्द वापरा, आणि सोबत दोन पर्याय व ते कशाने बाद होतील तेही. इथे काळाचे आकडे चोख हवेत. नैराश्याच्या प्रसंगाला किमान दोन आठवडे. सार्वत्रिक चिंता विकाराला डीएसएम, म्हणजे अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेनुसार, सहा महिने. वरच्या केसमध्ये दोनच महिने झालेत, म्हणून तो तिथेच मागे पडतो. स्किझोफ्रेनियाला आयसीडीत, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, एक महिना, डीएसएममध्ये एकूण सहा महिने. हा शेवटचा फरक मुद्दाम विचारतात. बोलताना कोणती पद्धती वापरताय ते आधी सांगा. आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, डीएसएम-५ ची सुधारित आवृत्तीही २०२२ चीच.

अंगात येण्याचं काय करायचं? आपल्याकडच्या उमेदवाराला हे विचारतातच. नुसतं "अंधश्रद्धा" म्हणालात तर उत्तर कच्चं, आणि "संस्कृती आहे" म्हणून सोडून दिलंत तरी कच्चं. बघायचं ते असं: ते देवळात, जत्रेत, ठरल्या विधीतच होतं का त्याबाहेरही, तिच्या मनाविरुद्ध होतं का, त्यामुळे तिचं काम, झोप, नाती बिघडतात का, समाजातल्या बाकीच्यांनाही ते वेगळं वाटतं का. रूढ विधीत आणि कुणाला त्रास न होता येत असेल तर आयसीडी-११ त्याला विकार मानत नाही. कुणी करणी-भानामतीच्या नावाने तिला मारझोड करत असेल, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो, हेही सांगा.

आता मानसिक स्थिती तपासणी. पुस्तकातली घोकून आलेली मुलं "शंभरातून सात वजा करत जा" म्हणतात. मराठीत ही पायरी करून बघा: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. एकोणऐंशीला मराठी माणूसही अडखळतो. तेलुगू किंवा कन्नड घरातली, चौथी शिकलेली बाई तिथे थांबली, तर ती अडचण अवधानाची आहे की मराठी आकड्यांची, हे तुम्हाला सांगता येणार नाही. म्हणून शिक्षण कमी असेल तर चाळीसमधून तीन-तीन किंवा विसापासून उलटे आकडे, आणि तेही तिच्या भाषेत. नाहीतर व्यवहारातला हिशोब: शंभराची नोट दिली, पस्तीसची भाजी घेतली, परत किती? अंकस्मृतीसाठी आकडे सेकंदाला एक या गतीने, सपाट आवाजात म्हणायचे. फोन नंबर सांगतो तसे जोड्या करून म्हटले तर पेशंटला ते सोपे जातात आणि चाचणी फसते.

म्हणींचंही तेच. "नाचता येईना अंगण वाकडं" याचा अर्थ विचारला आणि ती म्हणाली, "अंगण सारवून घ्यावं", तर अमूर्त विचार कमी असं लगेच लिहू नका. म्हण तिच्या भाषेतली नाही. संत्रं आणि केळं यात सारखं काय, असं विचारा. "दोन्हीची साल काढतात" हे मूर्त उत्तर, "दोन्ही फळं" हे अमूर्त. निर्णयक्षमतेसाठी रस्त्यात पत्ता लिहिलेलं पाकीट सापडलं तर काय कराल, हा जुना प्रश्न आता फारसा कामाचा नाही. घराला आग लागलेली दिसली तर काय कराल, हा चालतो. अंतर्दृष्टीच्या, म्हणजे स्वतःच्या आजाराची जाण असण्याच्या, सहा पायऱ्या क्रमाने पाठ हव्यात. पाचवी, म्हणजे बुद्धीला पटलेली, आणि सहावी, म्हणजे भावनेसह खरी, यातला फरक उदाहरणाने सांगता आला पाहिजे.

धोका विचारताना आडवळण नको. "जगण्याचा कंटाळा येतो का?" इथून सुरू करून "मरून जावंसं वाटतं का?", "कसं करायचं ते ठरवलंय का?", "ते साधन घरात आहे का?", "आधी प्रयत्न झाला होता का?", आणि "कशामुळे थांबता?" इथवर उतरत जायचं. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा समज चुकीचा आहे, हे ठामपणे सांगा. शेतीच्या घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातल्या उमेदवाराच्या तोंडून आलाच पाहिजे. ते कुलपात किंवा घराबाहेर हलवणं हा उपचार-योजनेचाच भाग. पेशंटला एकटं न सोडता मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी पाठवणं, नातेवाइकांना काय आणि किती सांगायचं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. कायद्याचं विचारलं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं. मूल लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक, तिथे गोपनीयतेची ढाल चालत नाही.

आणि एक. माहीत नसेल तर "मला हे नक्की ठाऊक नाही, मी मार्गदर्शकांना विचारेन" असं म्हणा. प्रशिक्षणाला येणाऱ्याकडून हे वाक्य पॅनेलला चालतं. ठोकून दिलेलं उत्तर चालत नाही, कारण वॉर्डात अशाच ठोकून देण्याने पेशंटचं नुकसान होतं.

फॉर्मबोर्ड

वर चाचण्यांचा विषय राहिला. मुलाखतीत साहित्य टेबलावर ठेवून "ही कशी द्याल?" असंही विचारतात.

सेग्विन फॉर्मबोर्डात, म्हणजे आकृत्या योग्य खाचांत बसवायच्या मुलांच्या चाचणीत, दहा आकृत्या, तीन प्रयत्न, आणि तिन्हींतला सगळ्यात कमी वेळ धरायचा. बरीच मुलं सरासरी सांगतात, तिथेच चुकतात. रोर्शाकच्या शाईडाग चाचणीची दहा कार्डं: पाच काळी-राखाडी, दोन काळी-लाल, तीन बहुरंगी. आयएसएए या स्वमग्नता मोजण्याच्या भारतीय मापनश्रेणीत ४० बाबी. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र.

बिने-कामत या बुद्धिमापन चाचणीवर हिशोब करायला लावतात. मुलाचं वय आठ वर्षं चार महिने, म्हणजे १०० महिने. मानसिक वय पाच वर्षं, म्हणजे ६०. साठ भागिले शंभर गुणिले शंभर, बुद्ध्यांक ६०. वय नेहमी महिन्यांत करून घ्या, ८.४ असं दशांशात लिहिलं की उत्तर बिघडतं. पुढचा प्रश्न असा येतो: "बुद्ध्यांक ६०, पण व्हाइनलँडवर सामाजिक गुणांक ८५. आता?" व्हाइनलँड रोजचे व्यवहार किती जमतात ते मोजते. इथे बौद्धिक अक्षमता म्हणायचं नाही, कारण त्या निदानाला रोजच्या व्यवहारातली उणीवही लागते. ऐकू नीट येतं का, घरी तेलुगू आणि शाळेत मराठी आहे का, शाळा मध्येच सुटली होती का, वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण आहे का, चाचणीच्या दिवशी मूल आजारी होतं का, हे बघायचं. गरज पडली तर भाषेवर कमी अवलंबून असलेली चाचणी घ्यायची.

प्रबंधावर तर विचारणारच, ताई. तुम्ही नैराश्य कशाने मोजलं? पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली असेल तर गुण ० ते २७, आणि ५, १०, १५, २० हे टप्पे. ते निदान नव्हे, चाळणी आहे. "माझ्या नमुन्यात इतक्या जणींना नैराश्य होतं" असं म्हणू नका, "इतक्या जणींचे गुण १० किंवा त्याहून जास्त होते" असं म्हणा. तेलुगू बोलणाऱ्यांना मराठी आवृत्ती वाचून दाखवली असेल तर ती मर्यादा आपणहून सांगा. नवव्या, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांच्या, प्रश्नाला ज्यांनी "हो" म्हटलं त्यांचं पुढे काय केलंत, हे विचारलं जाईल. याचं उत्तर तयार नसेल तर आज मार्गदर्शकांशी बोला ओ, प्रबंध जमा व्हायच्या आत.

कागदपत्रं

नोकरीचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची जागा असते, पण ती नोंदणी असणाऱ्यांची. एम.ए.वर बघण्यासारख्या जागा म्हणजे आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रांतले समुपदेशक, किशोरवयीन आरोग्य कार्यक्रमातले समुपदेशक, शाळा, व्यसनमुक्ती केंद्रं, विशेष मुलांच्या शाळा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिराती जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर येतात. नेमणूक कंत्राटी, बहुधा अकरा महिन्यांची. जाहिरातीतली शैक्षणिक अर्हतेची ओळ शब्दशः वाचा. "समाजकार्य पदव्युत्तर" एवढंच असेल तर मानसशास्त्राचा अर्ज छाननीतच बाद होतो.

अर्ज बाद होतात ते मुख्यतः कागदांवरून. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि पदवी यांवर नावाचं स्पेलिंग वेगळं. नॉन-क्रीमिलेयरची मुदत संपलेली. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका न जोडता फक्त शेवटची जोडलेली. धनाकर्ष जाहिरातीत दिलेल्या नावाऐवजी दुसऱ्याच नावाने काढलेला. अनुभव प्रमाणपत्रावर जावक क्रमांक, तारीख, "पासून-पर्यंत" नसणं.

अर्जात अनुभव फुगवू नका. "ओपीडीत पेशंट हाताळले" असं लिहिलंत तर "किती, कोणाच्या देखरेखीखाली, नोंदी कुठे" हे तीन प्रश्न येणार. त्यापेक्षा असं लिहा: "मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात १५ दिवस निरीक्षण, मार्गदर्शकांच्या उपस्थितीत इतक्या व्यक्तींची इतिहास-नोंद, स्वतंत्र उपचार नाही." आकडा खरा असू द्या, सात असतील तर सात. पेशंटचं नाव, गाव, यंत्रमागाचं किंवा कारखान्याचं नाव कुठेही नको. आपल्या गावात एवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

मेघा_माढा

सगळ्यांचे मनापासून आभार. पीएचक्यू-९ च मराठीतून वाचून दाखवलं होतं, मर्यादांमध्ये ते लिहिलेलं नाही. आजच लिहिते. नवव्या प्रश्नाचंही मॅडमशी बोलते. अजून एक: मुलाखत कोणत्या भाषेत देऊ? कन्नड कळतं, बोलताना अडखळते. बंगळूरच्या अर्जात लिहू का?

पूर्वभाग

लिहा, पण तीन रकाने करून: समजतं, बोलता येतं, लिहिता येतं. कन्नडापुढे फक्त पहिल्यात खूण. पॅनेलवरच्या कुणी दोन वाक्यं कन्नडात टाकली तरी मग तुम्ही खऱ्याच ठरता. महाराष्ट्राबाहेर मुलाखत बहुतेक इंग्रजीत होते. म्हणून पेशंटचे शब्द आधी मूळ भाषेत सांगायचे आणि मग इंग्रजीत उलगडायचे, असा सराव करा. "जीव घाबरा होतो" याला सरळ "अँग्झायटी" म्हणू नका. छातीत काय होतं, किती वेळ टिकतं, मरण येईल अशी भीती वाटते का, हे विचारून मग शब्द निवडला असं सांगा. "डोकं बधिर झालंय", "मन लागत नाही", "अंगात त्राण नाही" यांचंही तसंच करा. प्रबंधाच्या मुलाखतींतून असे पंधरा-वीस वाक्प्रचार काढून वहीत लिहा, प्रत्येकापुढे विचारायचे दोन-दोन प्रश्न.

पुण्यात मुलाखत असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघून नऊचं रिपोर्टिंग गाठता येत नाही. बंगळूरला उद्यान एक्स्प्रेस सोलापुरावरूनच जाते, तारीख कळताच आरक्षण करा. मूळ कागद एका फाईलमध्ये, स्वयंसाक्षांकित प्रतींचे दोन संच दुसऱ्या फाईलमध्ये, आणि प्रबंधाचा दोन पानी सारांश सगळ्यात वर.